सायलेन्सरची तार

आमच्या जीपचा सायलेन्सर फुटायचा तो नेमका माझ्या बुडाखाली. हे असं लिहायला आज मला लाज वाटत नाही. तेव्हा मात्र साधा पाय दुखतो म्हणायचं तरी सासूबाईंच्या कानात म्हणावं लागे, आणि मामंजींपर्यंत ते पोचेतो दुखणं आपोआप बरं झालेलं असे.

माझं सासर किन्हीराजाच्या बाजूला. आता तो भाग वाशिम जिल्ह्यात आहे, त्या वेळी अकोल्यात होता. मोठा दुष्काळ सरून एक-दोन बरी पिकं घरात आली होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. घर देशमुखी, म्हणून बायकांना गोषा. बैठकीकडं फिरकायचं नाही, रस्त्यावर पाऊल ठेवायचं नाही, आणि कुठं जायचंच झालं तर चारी बाजूंनी कापड बांधलेल्या गाडीतून जायचं. आधी ती गाडी बैलांची होती. मग मामंजींनी लष्कराच्या लिलावातली जुनी जीप घेतली. बैल गेले, पण पडदा होता तो बैलगाडीवरून काढून जीपवर चढवला.

पडदा म्हणजे जाडजूड खाकी ताडपत्री. जीपच्या मागच्या भागावर लोखंडी कमानी होत्या, त्यांच्यावरून ती खाली सोडलेली आणि दोरीनं गच्च आवळलेली. पुढं ड्रायव्हर आणि मामंजी बसत, त्यांची बाजू सताड उघडी, तोंडावर वारा. त्यांच्या पाठीमागंही एक पडदा होता, म्हणजे मागं मी आणि अंधार. पहिल्यांदा बसले तेव्हा वाटलं, आपल्याला धान्याच्या कणगीत उतरवून वरून झाकण लावलं. माझ्या माहेरी, अमरावतीला, मी सायकलवरून कॉलेजात जात होते. लग्न ठरवताना कोणी गोष्याचं नाव काढलं नाही, आणि मी विचारलं नाही, कारण मुलीनं काय विचारायचं असतं?

मी मास्तरणीचा कोर्स केलेला होता. आमच्या बाजूच्याच मालेगावच्या मुलींच्या शाळेला एक बाई पाहिजे होती. शाळेची चार माणसं मामंजींकडं आली आणि तुमच्या सूनबाई शिकलेल्या आहेत म्हणाली. मामंजींना त्या मागणीत घराचा मान दिसला. मला काय दिसलं ते मी कोणाला सांगितलं नाही. त्या रात्री मला आनंदानं झोप आली नव्हती, एवढंच. मामंजींनी अट घातली की सूनबाई घरच्या जीपमध्ये, पडद्यात जातील आणि पडद्यात येतील. त्यांचं स्वतःचं मालेगावला एका कापडाच्या दुकानात रोजचं बसणं होतं, त्यामुळं तेही पुढं बसून येणार. आमचे हे काही म्हणाले नाहीत. वडिलांसमोर ते कधीच काही म्हणत नसत. आता वडील भिंतीवरच्या फोटोत आहेत, तरी हे त्या फोटोखाली आवाज चढवत नाहीत.

शाळा सुरू झाली आणि महिन्याच्या आत मला मळमळायला लागलं. जीप गावाबाहेर पडली की डोकं जड व्हायचं. मालेगाव येईपर्यंत डोळ्यांपुढं काजवे. शाळेच्या मागं जाऊन ओकायचं, चूळ भरायची आणि वर्गात जाऊन पाढे म्हणून घ्यायचे. संध्याकाळी परत तेच. वास मला येत होता, जळका, घशात बसणारा. पण तो मला एकटीलाच येत होता. सासूबाईंमार्फत मी कळवलं तेव्हा मामंजी म्हणाले, "मले तं काई वास येत नाई." खरंच होतं ते. त्यांच्या तोंडावर उघडं वारं होतं.

सासूबाईंनी माझ्या उतरलेल्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि त्यांचे डोळे चमकले. माझ्या लग्नाला दोन वर्षं होऊन गेली होती. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"काहून वो, दिवस गेले काय तुले?"

"नाही हो आत्याबाई. गाडीत धूर येतो."

"पह्यल्या वक्ताले असंच वाटते. धुराचा वास, तेलाचा वास. मले तं माणसाचाच वास येत होता."

त्यांनी माझ्यासाठी चिंचा मागवल्या, कवठाची चटणी केली, जड घागर उचलू दिली नाही. इतकं प्रेम त्या घरात माझ्या वाट्याला आधी कधी आलं नव्हतं. ते खोट्या कारणानं येत आहे हे कळत असूनही मला ते हवंसं वाटत होतं. मग मी बाजूला बसले, म्हणजे सगळ्या घराला दिसेल अशी, माजघराच्या कोपऱ्यात वेगळ्या चटईवर. चिंचा बंद झाल्या. पुढच्या महिन्यात पुन्हा मळमळ, पुन्हा आशा, पुन्हा कोपऱ्यातली चटई. सासूबाई माझं ताट आदळून ठेवायला लागल्या. शेवटी कोणीतरी बाहेरचं लागलंय म्हणालं आणि दसऱ्यानंतर मामंजींनी बैठकीतून निकाल दिला.

"पोरगी वाळून राह्यली. संक्रांतीलोक पाहू. नाई तं शाळा बंद."

म्हणजे गळणाऱ्या एका पाइपावर माझी शाळा टांगलेली होती.

तसं मामंजी निष्काळजी नव्हते. सायलेन्सर फुटला की इंजिनाचा आवाज फाटका होई, आणि तो आवाज त्यांना अजिबात खपत नसे. मालेगावला रस्त्याकडंला एका निंबाखाली मिस्त्री बसायचा, ड्रायव्हर जीप त्याच्याकडं घाली. मामंजी दुकानात, ड्रायव्हर उकिडवा बसलेला, मिस्त्री जीपखाली उताणा, आणि मी आत. मी उतरणार कशी? चार पुरुष तिथं बिड्या ओढत बसलेले. त्यामुळं खालून तो हातोड्यानं ठोके घाली आणि वर फळीवर मी प्रत्येक ठोक्याला हलत असे. पाइप झाळताना धूर यायचा तोही मीच घ्यायची. त्याला पडद्याआड कोणी बसलंय हे माहीत असेल, पण त्यानं कधी दाखवलं नाही.

एकदा तो खालूनच ड्रायव्हरवर चिडला. प्रत्येक शब्द मला फळीतून ऐकू आला.

"अरे भाऊ, इंजन हालते. त्याच्यासंगं पाइपबी हालला पाह्यजे. म्हणून मी मांगून टायरची पट्टी लावतो, लोंबता ठेवतो. तुमी घरी नेऊन त्याले तारेनं आवळता. मंग त्यानं हालावं कुठं? जोडातून फुटतेच तो."

तार कोण आवळायला लावतं ते मला माहीत होतं. त्याच संध्याकाळी, मागच्या वेळेसारखं, जीप गोठ्याजवळ उभी राहिली आणि मामंजी तिच्याभोवती फिरले. रबरी पट्टीवर लोंबणारा पाइप खराब रस्त्यावर चासीला लागून खडखड करायचा, आणि पोरं म्हणायची, देशमुखाचा खटारा आला. "खडखड नाई पाह्यजे," मामंजी म्हणाले, "आवळ त्याले." ड्रायव्हर तार आणून खाली शिरला आणि पाइप असा करकचून बांधला की जीप खरोखर शांत झाली. ती शांत असायची ते आठ-दहा दिवस, मग जोड फुटे.

त्या घरात जे सैल दिसेल ते आवळायचं, एवढा एकच इलाज सगळ्यांना माहीत होता.

मी ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बाबांना सांगू कसं? म्हणतीन, बायकोनं शिकवून पाठवला." मी पडद्याआडून ड्रायव्हरला सांगितलं, मामंजी दुकानात उतरल्यावर. तो धम्म घेतलेल्या घरातला, आधी ट्रकवर होता, मनानं सरळ माणूस.

"मी सांगतलं होतं एक डाव, बाईसाहेब. मालक म्हणे, गाडी तुयी का मायी?"

"मग बांधू नको ना."

"न बांधून कसं? पोटावर पाय येईन."

त्याची बायको आमच्याच वावरात कामाला होती. ती उघड्या तोंडानं, डोक्यावर डालकं घेऊन, त्याच रस्त्यानं हसत-बोलत जायची. मला तिचा आवाज ताडपत्रीतून ऐकू यायचा आणि राग यायचा. तिच्यावर नाही, पण येत होता एवढं खरं. मालकीण मी, आणि रस्ता तिचा.

दिवाळी झाली. संक्रांत दिसायला लागली. माझं वजन आणखी उतरलं होतं, आणि वर्गात फळ्याकडं तोंड करून उभं राहिलं की फळा हलायचा. मुली म्हणत, बाई, तुम्ही बसा ना. त्या मुलींसमोर बसायचं मला दुःख होत असे. जगात मी उभी राहत होते अशी ती एकच जागा होती.

अशात मालेगावला सासूबाईंच्या चुलत बहिणीचा नवरा गेला आणि त्यांना भेटायला जाणं भाग पडलं. सासूबाई घराबाहेर फारच कमी निघत. जीपमध्ये तर लग्नकार्याला एखाद-दोनदा बसल्या असतील, तेही गाडी नवी होती तेव्हा. त्या दिवशी त्या माझ्यासोबत मागं बसल्या. पडदा आवळला गेला. पाइप फुटून दोन-तीन दिवस झालेच होते.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "कायचा वास येऊन राह्यला वो?"

मी म्हटलं, "धुराचा."

अंधारात मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग त्यांनी माझा हात धरला, मग पदर तोंडाला लावला, मग पुढच्या पडद्यावर मूठ आपटली. जीप थांबली. कडेची दोरी कशीबशी ढिली करून त्यांनी डोकं बाहेर काढलं आणि सकाळचं सगळं रस्त्यावर ओकून टाकलं. मी त्यांची पाठ चोळत होते. माझ्या मनात आलं, आता यांच्यासाठी चिंचा कोण मागवणार? आणि मला हसू फुटलं. आवरता आवरेना. सासूबाईंनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. पन्नाशी उलटलेल्या बाईला तो विनोद कळायला वेळ लागला नाही. त्या हसल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा पडला. एवढे महिने मला काय होत होतं ते त्यांना त्या एका क्षणात कळलं असावं.

त्यांनी तोंड पुसलं आणि दोरीच्या गाठी सोडायला लागल्या. एकेक करून सगळ्या सोडल्या आणि ताडपत्री वर गुंडाळली. ऊन एकदम आत आलं.

मामंजी पुढून उतरून आले. "काय करून राह्यली तू?"

"जीव घेता काय दोघीचा?"

"लोकाईले दिसतेत ना बाया."

"दिसू द्या. मेल्यावर तं उघड्याच तोंडानं नेता ना?"

मी सासूबाईंना मामंजींशी असं बोलताना पहिल्यांदा ऐकलं. मामंजींनीही बहुधा पहिल्यांदाच ऐकलं असेल. ते पुढं जाऊन बसले.

त्या संध्याकाळी घरात तोड निघाली. सायलेन्सर नीट होईपर्यंत पडदा वर राहील, मात्र दोघींनी पदर पुढं ओढून बसायचं, आणि तरणी सून उघड्या गाडीत एकटी नको म्हणून सासूबाईंनी रोज सोबत जायचं. मी शाळेत असेपर्यंत त्या बहिणीकडं बसणार. माझी शाळा वाचली. धूर होताच, पण तो आता मागल्या मागं उडून जायचा. आठवड्याभरात माझ्या पोटात अन्न टिकायला लागलं.

आणि सासूबाई रस्ता बघायला लागल्या. पहिले दोन दिवस पदराच्या फटीतून, मग फट मोठी होत गेली. कापूस फुटलेला होता, तुरी पिवळ्या झाल्या होत्या. त्या लहान मुलीसारखं विचारत सुटल्या, ते काय, हे कोणाचं, तो रस्ता कुठं जातो. मामंजी पुढं गप्प बसलेले, म्हणून प्रश्न मला, आणि मला तरी काय माहीत? मग मामंजी नसतील त्या दिवशी त्या थेट ड्रायव्हरलाच विचारत.

एकदा रस्त्याला लागूनच एक लांबच लांब वावर आलं. काळीभोर जमीन, पांढराशुभ्र कापूस, मध्ये विहीर, विहिरीवर आंब्याचं झाड. बाया वेचणी करत होत्या.

"हे कोनाचं वावर हाये रे?" सासूबाईंनी विचारलं. "मोठं बेस पिकलं."

ड्रायव्हरनं मागं वळून पाहिलं नाही. "आपलंच हाये, आईसाहेब."

त्या वावराचा कापूस त्यांच्या घरात वर्षानुवर्षं येत होता. विहिरीच्या पूजेचा नैवेद्य दरवर्षी त्या स्वतःच्या हातानं करून पाठवत होत्या. पंधरा-सोळाव्या वर्षी त्या घरात आल्या आणि एवढ्या काळात त्यांनी ते कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी जीप थांबवायला लावली. वेचणाऱ्या बायांमध्ये ड्रायव्हरची बायको होती, ती कंबर सरळ करून आमच्याकडं पाहत राहिली. सासूबाई उतरल्या नाहीत. नुसत्या बघत बसल्या, आणि निघताना म्हणाल्या, "आंबा मोठा झाला. लावला तवा मले सांगतलं होतं यायनं." मला रडू आलं. त्यांना आलं का ते पदरामुळं दिसलं नाही.

त्या प्रवासांत मी त्यांना मिस्त्रीचं सगळं बोलणं सांगितलं. इंजिन हलतं, पाइप हलला पाहिजे, तार आवळली की जोड फुटतो. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "तार कुठं बांधतेत?" एवढंच विचारलं. मी बोटानं दाखवलं.

इकडं मामंजी बेचैन झाले होते. मी ओकत होते तेव्हा सायलेन्सर त्यांच्यासाठी खडखडीचा मामला होता. आता घरच्या बाया रस्त्यावर दिसायला लागल्या, तर तो इभ्रतीचा झाला. त्यांनी अकोल्याहून नवा सायलेन्सर मागवला. मिस्त्रीसमोर स्वतः खुर्ची टाकून बसले आणि पहिल्यांदाच त्याचं ऐकलं. तार नाही, फक्त रबर. खडखड होऊ नये म्हणून मिस्त्रीनं चासीला गोणपाटाची गादी बांधून दिली. इतका साधा उपाय होता. जीप अशी चालायला लागली की कोणाला कळू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा खाली आला. मामंजींनी गाठी स्वतः मारल्या. सासूबाईंना सोबत यायचं कारण उरलं नाही. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून जीप जाईपर्यंत बघत होत्या.

मला आता आनंद व्हायला हवा होता. धूर नव्हता, डोकं दुखत नव्हतं, संक्रांतीची भीती गेली होती. पण धूर होता तेव्हा मला निदान तक्रार होती. आता त्या स्वच्छ अंधारात बसून मी तक्रार तरी काय करणार? ताडपत्रीपलीकडून वेचणीच्या बायांचा आवाज आला की मी ओळखत असे, आपलं वावर आलं. आणि घरी सासूबाई मला रोज विचारत, "कापूस किती राह्यला?" मी म्हणे, दिसत नाही हो आत्याबाई. त्या मान हलवून पुन्हा तांदूळ निवडायला लागत.

पंधराएक दिवस गेले असतील. एका सकाळी गावाबाहेर पडताच तो जुना वास नाकात शिरला. मालेगावला मी निंबाखाली आतच बसून राहिले. मामंजी आज दुकानात न जाता तिथंच थांबले होते. मिस्त्री खालून म्हणाला, "मालक, फिरून तार बांधली ना." आणि त्यानं ती सोडून बाहेर टाकली.

पडद्याच्या फटीतून मला ती दिसली. ड्रायव्हर तार बांधायचा ती पकडीनं, जाडजूड, वेडीवाकडी. ही तार हातानं वळलेली होती, बारीक एकसारखा पीळ देऊन, टोक आत खोचून. सासूबाई रोज सकाळी देवासाठी वाती वळत, तसा पीळ.

मामंजी ड्रायव्हरकडं वळले. "कायले बांधली रे? मी सांगतलं होतं?"

ड्रायव्हर जीपच्या शेजारी, गोठ्यातच झोपायचा. गोठ्यात कोण आलं-गेलं हे त्याच्याइतकं कोणाला कळणार? त्यानं तारेकडं पाहिलं आणि खाली पाहिलं.

"सवयीनं झालं असंन, मालक."

मामंजी त्याला बरंच बोलले. मिस्त्री म्हणाला, जोड गेला, नवा तुकडा अकोल्याहून येईपर्यंत असंच चालवा.

संध्याकाळी सासूबाईंनी मला धुवायला लुगडं दिलं. पाठीवर माती होती आणि खांद्यावर काळ्या तेलाचा हातभर डाग.

"चुलीचं काजळ लागलं," त्या म्हणाल्या.

मी रॉकेलची बाटली आणली आणि डाग चोळायला बसले. "हो," मी म्हटलं, "चुलीचंच आहे."

सकाळी मी पदर सावरत बाहेर आले, तर त्या माझ्या आधीच जीपमध्ये बसलेल्या होत्या, आणि पडदा वर होता.